बरं, येतो आम्ही!

"दादा असता तर" अशी सुरुवात झाली की सेक्रेटरी पुढचं वाक्य ऐकत नसत. लग्नापासून ऐकून ऐकून ते त्यांना पाठ झालं होतं. दादा असता तर खिडकीजवळची जागा मिळाली असती, दादा असता तर हॉटेलच्या नळाला गरम पाणी आलं असतं, दादा असता तर पाऊससुद्धा आपण आत पोचल्यावर पडला असता. दादा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. दरवर्षीची सहल तोच ठरवायचा, तोच पार पाडायचा आणि गळ्यात शिट्टी अडकवून सगळ्या नातेवाइकांना मेंढरांसारखं पुढे घालून न्यायचा. सेक्रेटरी त्या कळपात सगळ्यांत मागे राहून पिशव्या सांभाळायचे. संतापाची गोष्ट अशी, की दादाची सहल कधी फसतच नसे. एकदा तरी गाडी चुकावी, एखाद्या हॉटेलात ढेकूण निघावेत, म्हणून सेक्रेटरींनी मनातल्या मनात फार वाट पाहिली होती. पण ढेकूणही दादाला वचकून असावेत.

या वर्षी दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. बातमी ऐकून सेक्रेटरींना वाईट वाटलं, हे इथे नमूद करून ठेवलेलं बरं. पण वाईट वाटून झाल्यावर, म्हणजे साधारण हातातला चहा संपेपर्यंत, त्यांची कांती उजळली.

"या वर्षीची सहल मी ठरवणार," ते म्हणाले.

बायकोने भाजी निवडणं थांबवलं नाही. "ठरवा की. नीट पार पडली तर यापुढे दरवर्षी तुम्हीच ठरवा. मी दादाचं नावसुद्धा काढणार नाही."

"आणि नाही पार पडली तर?"

"तर हा विषय पुन्हा घरात निघायचा नाही. पुढच्या वर्षी गुपचूप शिट्टीमागे चालायचं."

आता सेक्रेटरी हे काही त्यांचं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयात ते मुख्य कारकून होते. सेक्रेटरीपद त्यांना राहत्या सोसायटीने बहाल केलं होतं. निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध कोणी उभं राहिलं नाही, कारण ते काम कोणालाच नको होतं. पण 'बिनविरोध' हा शब्द त्यांना फार भावला आणि तेव्हापासून घरातही ते सेक्रेटरीच झाले. अशा माणसाला एक सहल ठरवणं म्हणजे काय मोठंसं! त्यांनी एका पर्यटन कंपनीची माहितीपत्रिका आणली. तिच्यात एक फोटो होता. हिरव्यागार झाडीतून वाहणारी संथ नदी, तीत फुगवलेल्या मोठमोठ्या ट्यूबा, आणि प्रत्येक ट्यूबमध्ये पाय पसरून बसलेलं एकेक हसरं माणूस. सगळ्यांत पुढे त्या कुटुंबाचा बाप होता. काळा चष्मा लावून तो नुसता वाहत चालला होता, आणि बायकामुलं त्याच्याकडे कौतुकाने बघत होती. आपल्याकडे असं कोणी कधी बघितल्याचं सेक्रेटरींना आठवेना. ठरलं. नदीतलं ट्यूबिंग.

सोसायटीत ही बातमी जिन्याने वरखाली गेली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर तातडीने खाली आले. "ट्यूबिंग करताय म्हणे? कुठली लाइन बदलताय? मला विचारल्याशिवाय प्लॅस्टिकचे पाइप घेऊ नका." खरा प्रकार कळल्यावरही ते हटले नाहीत. "हवा पाऊणच भरा. पूर्ण भरली तर उन्हात फुटते आणि कमी भरली तर माणसाची मधोमध घडी होते." समोरच्या काकूंनी तर दारातच गाठलं. "काही झालं तरी सगळे एकत्र राहा हो. आमच्या ओळखीतले एक जण असेच तरंगत गेले, ते थेट समुद्रात सापडले."

"जिवंत?" सेक्रेटरींनी विचारलं.

"सापडले एवढं माहीत आहे," काकू म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

त्यातच सासूबाईंनी जाहीर केलं, की त्याही येणार. मुलगा गुडघ्याला पट्टी बांधून पडलेला असताना जावयावर लक्ष ठेवायला घरचं कोणीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं. कंपनीचा नियम असा, की ज्येष्ठांनी डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडावं. सोसायटीत डॉक्टर एकच, तळमजल्यावरचे, आणि ते दातांचे. भिडेखातर त्यांनी प्रमाणपत्र लिहून दिलं : 'सदर महिलेचे दात उत्तम स्थितीत असून जलविहारास हरकत नाही.' दात उत्तम होतेच. कवळी त्यांनीच बसवली होती. सेक्रेटरींनी कागदाकडे बराच वेळ बघितलं. पण शिक्का गोल होता आणि सही वाचता येत नव्हती, तेव्हा त्यांच्या कार्यालयीन अनुभवानुसार कागद निर्दोष होता.

सांगायचं म्हणजे, परमुलखातल्या या सहलीचे पहिले दिवस उत्तम गेले. उकाडा होता, पण हिरवळही तेवढीच होती. खोल्या स्वच्छ, नळाला गरम पाणी, ढेकूण नाहीत. बायकोने दादाचं नाव एकदाही काढलं नाही. एका संध्याकाळी ती "दा–" एवढं म्हणाली तेव्हा सेक्रेटरींच्या काळजात चर्र झालं, पण ती "दार लावलं का?" असं विचारत होती. आता फक्त नदी तेवढी पार पडायची होती.

हॉटेलच्या गाडीचा ड्रायव्हर मोठा उमदा माणूस होता. आपल्याकडचे प्रवासी सतत नेऊन आणून त्याने आपली भाषा थोडीफार उचलली होती आणि तिचा त्याला अतोनात अभिमान होता. "बसा. दार ओढा. फार गरम," असं म्हणून तो वळून बघायचा आणि शाबासकीची वाट पाहायचा. सेक्रेटरी अधूनमधून "वा!" म्हणत. व्यवस्था साधी होती. नदीच्या वरच्या धक्क्यावर त्याने सगळ्यांना सोडायचं. चपला, चष्मे, बंद केलेले फोन, पाकिटं, कोरडे कपडे सगळं गाडीतच राहणार. सगळे वाहत खाली जाईपर्यंत तो रस्त्याने खालच्या धक्क्यावर गाडी घेऊन येणार. ही व्यवस्था सेक्रेटरींनी त्याला आदल्या दिवशी हातवारे करून समजावली होती, आणि त्याने "हो हो" म्हणून मान डोलावली होती. सरकारी नोकरीत उभा जन्म काढलेल्या माणसाने त्या 'हो हो'चा अर्थ ओळखायला हवा होता.

धक्क्यावर पहिलं संकट उभं होतं ते वजनकाट्याचं. ट्यूबचं माप ठरवायला प्रत्येकाला काट्यावर चढावं लागे आणि आकडा लाल अक्षरांत सगळ्या नदीला दिसे. सासूबाईंनी साफ नकार दिला.

"माझं वजन घरात सगळ्यांना माहीत आहे," त्या म्हणाल्या. "परक्यांना दाखवायची गरज नाही."

"आजी, ते लोक त्या वजनाबद्दल नाही बोलत," लेक म्हणाली. ती कॉलेजात होती आणि आईबापांची लाज वाटण्याच्या वयात होती.

शेवटी सगळ्यांत मोठी ट्यूब द्यावी, असा तोडगा निघाला. सासूबाईंनी मग कवळी काढून रुमालात बांधली आणि पाण्यात पडायला नको म्हणून गाडीत ठेवून दिली. त्यानंतर त्या जे काही बोलल्या ते फक्त त्यांच्या लेकीलाच कळत होतं.

सेक्रेटरींच्या डोक्यात काकूंचा तो समुद्रात सापडलेला ओळखीचा माणूस घर करून बसला होता. सासूबाई एकट्या वाहत गेल्या आणि नको तिथे सापडल्या, तर दादाला काय तोंड दाखवायचं? दोन ट्यूबा एकमेकींना बांधायला ट्यूबवाल्याकडे त्यांनी दोरी मागितली. त्याने बोट हलवून 'मुळीच नाही' असं सांगितलं. तो नियम होता. पण नियमातून वाट काढायलाच तर माणूस मुख्य कारकून होतो. सेक्रेटरी एका झाडामागे गेले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात स्वतःच्या पोहण्याच्या चड्डीची नाडी होती. चड्डी नवीन होती आणि दुकानदाराने 'धुतल्यावर आटेल' म्हणून एक माप मोठी दिली होती. अजून ती धुतलेली नव्हती.

निघताना सेक्रेटरींनी ट्यूबमधून ड्रायव्हरला हात केला. "बरं, येतो आम्ही!"

"येतो हं!" बायको म्हणाली.

"येतो!" लेक ओरडली. सासूबाईंनीही त्याच अर्थाचं काहीतरी तोंडातून काढलं.

"या या!" ड्रायव्हरने आनंदाने दोन्ही हात हलवले.

नदी संथ होती. बायको आणि लेक फोटोतल्यासारख्या पाय पसरून पुढे निघूनही गेल्या. बांधलेल्या दोन ट्यूबांचं मात्र तसं नव्हतं. सासूबाईंची ट्यूब जड आणि सेक्रेटरींची हलकी, त्यामुळे दोन्ही मिळून जात्यासारख्या गरगर फिरू लागल्या. कधी सेक्रेटरी पुढे, कधी सासूबाई पुढे, आणि दर फेरीत एकदा दोघांची नजरानजर व्हायची. जावई आणि सासू इतक्या वेळा एकमेकांसमोर यायची ही पहिलीच वेळ. सेक्रेटरी दर वेळी ओशाळं हसायचे. थोड्या वेळाने त्यांनी डोळेच मिटून घेतले.

त्यामुळे पुढे पाण्यात वाकलेल्या झाडाच्या मुळ्या त्यांना दिसल्या नाहीत. नाडी नेमकी मुळीला अडकली. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला सेक्रेटरी, आणि मध्ये झाड. सेक्रेटरी धडपडले आणि पाण्यात पडले. "बुडालो! वाचवा!" त्यांनी असा काही टाहो फोडला की पुढे गेलेल्या मायलेकी ट्यूब सोडून उलट चालत आल्या. चालत आल्या हे महत्त्वाचं. पाणी गुडघाभर होतं.

"बाबा, उभे राहा," लेक म्हणाली.

सेक्रेटरी उभे राहिले, पण चड्डीने उभं राहायला नकार दिला. ती त्यांनी वेळीच पकडली, आणि तिथून पुढे दिवस मावळेपर्यंत त्यांचा एक हात त्या कामी कायमचा नेमला गेला. पाणीपुरवठा कार्यालयात अख्खं गाव ज्याच्यापुढे अर्ज घेऊन उभं राहतं, तो माणूस गुडघाभर पाण्यात चड्डी धरून उभा होता. लेकीने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती ते सेक्रेटरींना चष्म्याशिवाय दिसलं नाही, आणि विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. त्यांना फार वाईट वाटलं.

खालच्या धक्क्यावर ते पोचले तेव्हा तिथे गाडी नव्हती.

"येईल," सेक्रेटरी म्हणाले. अनवाणी पायांखाली खडे टोचत होते, ओल्या अंगावर डास बसत होते आणि बाकी प्रवासी आपापल्या गाड्यांत बसून निघून चालले होते. ट्यूबवाल्यांची माणसं ट्यूबा गोळा करून गेली. धक्क्यावर थंड पेयांचं एक छोटं दुकान तेवढं उघडं होतं. दुकानाच्या मालकिणीला लेकीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि खुणांनी प्रकार समजावला. तिने भल्या मनाने स्वतःचा फोन पुढे केला आणि वरच्या धक्क्यावर लावून दिला. गाडी तिथेच उभी होती. ड्रायव्हर मागच्या सीटवर झोपला होता. त्याला उठवून फोनवर आणण्यात आलं.

"अहो, तुम्ही तिथे काय करताय?" सेक्रेटरी ओरडले.

"तुम्ही बोलला येतो," ड्रायव्हर म्हणाला. "बाई बोलली येतो. मुलगी बोलली येतो. मी थांबला. तुम्ही आला नाही."

सेक्रेटरींची ट्यूब आत्ता पेटली. "अहो, येतो म्हणजे जातो!"

"येतो म्हणजे... येतो."

"निघताना येतो म्हणजे जातो. आमच्यात जातो असं म्हणत नाहीत."

"मग जातो कधी बोलतो?"

सेक्रेटरींनी प्रामाणिकपणे विचार केला. "रागावल्यावर," ते म्हणाले.

"आणि मी बोलला या या. ते बरोबर?"

"ते बरोबर. जाणाऱ्याला या म्हणायचं."

"म्हणजे या बोलला की माणूस जातो."

"हो. म्हणजे नाही. म्हणजे तसं हो, पण–"

"अहो, परक्या मुलखात त्याच्याशी वाद कसला घालताय?" बायकोने त्यांना कोपराने ढोसलं. "गोड बोला आणि त्याला या म्हणा."

सेक्रेटरींनी आवाजात होता नव्हता तेवढा गोडवा आणला. "बरं, झालं गेलं विसरून जा. आता तुम्ही या. ताबडतोब या."

"समजला!" ड्रायव्हरच्या आवाजात धडा पाठ झालेल्या विद्यार्थ्याचा आनंद होता. "या! येतो!"

आणि तो गेला. हॉटेलवर.

हे कळायला बराच वेळ गेला. ऊन उतरलं, दुकानवालीने बाकं आत घ्यायला सुरुवात केली, तेव्हा पुन्हा फोन लावला. वरच्या धक्क्यावरचा माणूस म्हणाला, की गाडी केव्हाच गेली. ड्रायव्हर फार खुशीत होता, सगळ्यांना 'येतो, येतो' म्हणाला आणि हॉटेलच्या रस्त्याला लागला. आम्हीही आता बंद करतोय. फोन ठेवला गेला.

"हॉटेलला फोन करा," बायको म्हणाली.

नंबर फोनमध्ये होता आणि फोन गाडीत होता. हॉटेलचं नाव तरी? कुठलंसं 'पाम' होतं, एवढं लेकीला आठवत होतं. त्या गावात दगड मारला तरी तो पामवर पडला असता. मग सासूबाईंनी हात वर केला आणि काहीतरी बोलल्या. बायकोचा चेहरा पडला.

"काय म्हणतात?" सेक्रेटरींनी विचारलं.

"आई म्हणतेय, निघायच्या आधी तिने हॉटेलचा पत्ता आणि नंबर दादाला देऊन ठेवलाय. तुमचा भरवसा नव्हता म्हणून." बायको थांबली. "आणि नंबर म्हटला तर मला एकच पाठ आहे. माहेरचा."

म्हणजे दादाचाच. वडिलांच्या मागे तो त्याच घरात राहत होता, आणि नंबर बायकोच्या लहानपणापासून तोच होता.

सेक्रेटरी धक्क्याच्या पायरीवर बसले. आता लढण्यासारखं काही उरलंच नव्हतं. समोर नदी वाहत होती आणि तिच्यातून त्यांची सगळी अब्रू वाहत समुद्राकडे चालली होती. "लाव," ते म्हणाले. "सांग त्याला सगळं. नाडीचंही सांग. पुढच्या वर्षी मी पिशव्या धरीन. जन्मभर धरीन." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नदीचं असेल म्हणून त्यांनी ते पुसलं नाही.

बायकोने नंबर लावला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला, गुडघा सरळ ठेवून दादा फोनशेजारीच पडून असणार.

"दादा? हो, मीच. अरे, दुसऱ्या नंबरवरून करतेय, आमचे फोन ठेवून आलोय, म्हटलं जरा निवांत राहू." तिने ओल्या केसांवरचा डास मारला. "काय सांगू, इतकं मस्त चाललंय! यांनी सगळं कसं आखलंय म्हणून सांगू! नदीत गेलो होतो. हो, आईसुद्धा. आईला तर हे एक क्षण सोडून राहिले नाहीत. बरं, ऐक ना, आईला हॉटेल इतकं आवडलंय, तिला मावशीला नंबर द्यायचाय म्हणतेय. तुझ्याकडे आहे ना? सांग."

ती एकेक आकडा मोठ्याने म्हणाली आणि लेकीने काडीने तो वाळूत लिहिला. मग बायकोचा हात थबकला. "आईशी बोलायचंय? देते की."

सेक्रेटरींनी डोळे मिटले. सासूबाईंनी फोन हिसकावून घेतला आणि सकाळपासून साचलेलं सगळं एका दमात ओतलं. दात नसल्यामुळे त्याचा अर्थ सेक्रेटरींना लागला नाही, पण मध्येच हाताने गरगर फिरण्याची आणि चड्डीची खूण झाली, ती त्यांना चष्म्याशिवायही दिसली. फोन परत बायकोकडे आला.

"काय रे? ऐकू येत नाही नीट? हो, आई हसतेय ना, म्हणून. फार खूश आहे. काय?... पुढच्या वर्षी?" तिने सेक्रेटरींकडे बघितलं. "हो, हेच ठरवणार आहेत. सांगते. गुडघा सांभाळ."

हॉटेलला लेकीने फोन केला आणि ड्रायव्हरशी ती शहाण्यासारखी फक्त इंग्रजीत बोलली. गाडी निघाली. दुकानवालीने दिवा घालवला. सासूबाई उलट्या ठेवलेल्या खोक्यावर पाठ फिरवून बसल्या. बायको येऊन पायरीवर सेक्रेटरींच्या शेजारी टेकली.

"दादा म्हणतोय, पुढच्या वर्षी ते सगळे आपल्याबरोबर. चुलत, मावस, सगळे. तुमच्या भरवशावर."

ज्यासाठी एवढा अट्टहास केला ते सेक्रेटरींच्या पदरात पडलं होतं, आणि त्याचं वजन आत्ता कळत होतं. पण त्याहून मोठी गोष्ट दुसरीच होती. इतक्या वर्षांत ही बाई पहिल्यांदा माहेरच्या माणसाशी खोटं बोलली होती, आणि तेही आपल्यासाठी.

"तू त्याला काहीच सांगितलं नाहीस," ते कसेबसे म्हणाले.

"सांगितलं असतं तर तो तुम्हाला जन्मभर ऐकवत बसला असता."

"हो," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचा मोकळा हात तिच्या हाताकडे सरकला.

"त्याने का म्हणून ऐकवायचं?" बायको म्हणाली. "मी आहे ना." आणि जरा सावरून, पदर खोचल्यासारखा दुकानवालीने दिलेला टॉवेल घट्ट खोचून ती त्यांच्याकडे वळली. "आता मला एवढंच सांगा, अख्ख्या जगात तुम्हाला दुसरी दोरी मिळाली नाही?"